बिल्ला नंबर ११४७

रविवार, ७ फेब्रुवारी २०१०. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शेवंता परब शेठच्या किल्ल्याच्या फाटकातून आत गेली. सोबत चाळीतले शेजारी रामदास होते. पहारेकऱ्याने दोघांची नावं लिहून हातात एकेक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर छापलं होतं : फुलं तोडू नयेत, फोटो काढू नयेत.

किल्ला म्हणजे वाळकेश्वरच्या चढावरचा दगडी बंगला. दोन बुरूज, पुढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली बाग, आणि बागेच्या टोकाला उभं राहिलं की खाली गिरगाव चौपाटी. चंद्रभान मिलच्या कमाईवर शंभर वर्षांपूर्वी बांधलेला. शेठ घराणं अजून तिथेच राहतं. गुलाब फुलले की दोन महिने, दर रविवारी, बाग लोकांना दाखवतात.

शेवंता गुलाब बघायला आली नव्हती. तिला कारंज्याचा कठडा बघायचा होता.

तिचा नवरा कुशाबा चंद्रभान मिलच्या साचा खात्यात, मागावर, होता. २२ नोव्हेंबर १९८२ला, गिरणी संपाच्या अकराव्या महिन्यात, सकाळी सहा वीसला तो लालबागच्या खोलीतून बाहेर पडला. "सभेक जातंय," एवढंच म्हणाला. परत आला नाही. मिलने लेखी कळवलं की कुशाबा परब, बिल्ला नंबर ११४७, संपाच्या पहिल्या दिवसापासून कामावर आलेलाच नाही. चाळीने मात्र वेगळंच ठरवलं. कुशा चोरून कामावर गेला, आणि मग लाजेने कुठेतरी तोंड काळं केलं. गॅलरीत उभं राहून हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते रामदास. त्या दिवसापासून शेवंता फितुराची बायको झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जायचं. मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढून तिने दोन मुली वाढवल्या, उजवल्या. कपाळावरचं कुंकू काही पुसलं नाही. "माझो माणूस आत गेलो नाय," हे एक वाक्य सत्तावीस वर्षं धरून बसली.

जानेवारीत रामदास ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर किल्ला बघून आले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दाराशी थांबले.

"वयनी, मिलचे जुने बिल्ले कारंज्याक लावलेत थय. कुशाचो असलो तर कळतला एकदाचा."

"आणि नसलो तर? चाळीच्या मधोमध उभे ऱ्हवून सांगशात, माझी चूक झाली म्हणून?"

"सांगतलंय."

म्हणून दोघं आली होती.

बिल्ला म्हणजे पितळेची चकती, वर नंबर. आत शिरताना कामगार तो टाइमकीपरच्या पेटीत टाकायचा, सुटताना उचलायचा. बिल्ला घरात तर माणूस बाहेर, बिल्ला पेटीत तर माणूस आत. संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातले सगळे बिल्ले घराघरांतल्या खुंटीवर होते. कुशाबा गेला त्या दिवशी शेवंताच्या खोलीतली खुंटी रिकामी होती. सवयीने खिशात घातला असेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलाही.

कारंज्याच्या सिमेंटच्या कठड्यात तीनशेच्या वर बिल्ले बसवले होते. बाग दाखवणारी मुलगी पंचवीस जणांना सांगत होती, "मिल पाडली तेव्हा हे टाइमकीपरच्या खोलीत सापडले. कामगारांनी प्रेमाने मागे ठेवलेली ही आठवण. बाईसाहेबांनी मुद्दाम इथे लावून घेतली."

"प्रेमान!" रामदास पुटपुटले. "नोकरी सुटली की बिल्लो काढून घेयत. वर छिन्नीन फुली मारीत, दुसऱ्यान वापरू नये म्हणून. बघ, हरएकावर फुली आसा."

नंबर ओळीने नव्हते. माणसं पुढे गुलाबांकडे गेली. ही दोघं कठड्याच्या दोन बाजूंनी सुरू झाली. शेवंताला चष्म्यातूनही आकडे नीट दिसत नव्हते, म्हणून ती बोटाने वाचत होती. नऊशे बारा. दोन हजार चाळीस. तीनशे सहा. प्रत्येक आकड्यावर आडवी-तिडवी खोल फुली.

पाऊण तासाने पलीकडून आवाज आला. "वयनी."

ती गेली. रामदासांचं बोट एका चकतीवर होतं. ११४७.

शेवंता तिथेच जमिनीवर बसली. "म्हणजे आत गेलो."

"गेलो." सत्तावीस वर्षं या एका शब्दासाठी भांडलेला माणूस, पण आवाजात जोर नव्हता. "पोटासाठी गेलो असतलो, वयनी. पोरा उपाशी होती तेव्हा. माझी नव्हती काय?"

तिने हात वर करून चकतीवर बोट फिरवलं. मग शेजारच्या चकतीवर. मग पुन्हा पहिल्या.

"भावजी, ह्याच्यावर फुली खय आसा?"

रामदास वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"नाय."

"का नाय?"

"नोकरी सुटाक नाय तर फुली कशी मारतले?"

"मग ह्यो मिलीत ऱ्हवलो कसो?"

"पेटीत पडान ऱ्हवलो असतलो."

"पेटीतलो सुटताना उचलतत मा?"

"उचलतत."

"ह्यो कोणी उचललो नाय."

रामदासांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आजी, हात नका लावू ना प्लीज," बाग दाखवणारी मुलगी परत आली होती.

"बाय, ह्या बिल्ल्याचो माणूस माझो. मिलीत गेलो तो भायेर इलोच नाय. मी कोणाक विचारू?"

मुलीने ऑफिसातून एक गृहस्थ बोलावून आणले. त्यांनी नाव, पत्ता, तारीख सगळं नम्रपणे लिहून घेतलं. "यातला नक्की कुठला, मावशी?" त्यांनी विचारलं. शेवंताने बोट ठेवून दाखवला.

त्या संध्याकाळी रामदास चाळीच्या मधोमध उभे राहिले. गॅलरीतून माणसं वाकली. "कुशा आत गेलो होतो," ते म्हणाले, "पण भायेर इलो नाय. मी अर्धाच सांगत होतंय." वरून कोणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला.

सोमवारी, ८ तारखेला शेवंताने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. कुशाबा हरवल्याची तिने १९८२ला दिलेली तक्रार दप्तरात सापडली नाही. १० तारखेला किल्ल्याच्या फाटकावर पाटी लागली : दुरुस्तीसाठी बाग बंद. गुरुवारी, २५ फेब्रुवारीला सकाळी अकरा चाळीसला पोलीस पंचनाम्याला गेले. शेवंता आणि रामदास हजर होते.

बिल्ला जागेवर होता. नंबर ११४७. आकड्यावर फुली होती.

"आजी, फुली तर आहे की," हवालदार म्हणाले.

"नव्हती, साहेब," रामदास म्हणाले. "रवळनाथाशपथ नव्हती."

"फोटो आहे?"

फोटो नव्हता. ऑफिसातल्या गृहस्थांनी सांगितलं की कठड्याचं फक्त सिमेंट दुरुस्त केलंय, बिल्ल्यांना कोणी हात लावलेला नाही. पंचांनी सह्या केल्या.

शेवंता खाली वाकली. फुलीच्या खाचेत तिने तर्जनी दाबली आणि उजेडात धरली. बोटाच्या पेरावर पितळेचा बारीक, चकचकीत कीस होता. पहिल्या दिवशीची प्रवेशाची चिठ्ठी तिच्या पिशवीत होती. त्या चिठ्ठीत तिने कीस झटकला आणि, दुकानात मसाल्याची बांधतात तशी, पुडी बांधली.

हवालदारांनी पुडी जमा करून घेतली नाही. पंचनाम्यात कीस लिहिलेला नाही. पुडी शेवंताच्या खोलीत, त्याच खुंटीवर, पिशवीत आहे. अर्जाचं उत्तर १५ मार्चपर्यंत आलेलं नव्हतं.