अर्धी गोळी

"इतके दिस झाले, अन् पोराला साधी सुई न्हाई? ह्यो दवाखाना हाय का धर्मशाळा?"

श्रीरामपूरच्या दवाखान्यात सूर्यभान कडाडला, तसा अख्खा वॉर्ड दचकला. त्याचा लहानगा भाचा गोरक्ष गोवराने फुलला होता. बहीण मनकर्णा खाटेशी बसून कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत होती.

"गोवरावर सुई नसते," डॉक्टर साळवेबाई म्हणाल्या. "हा विषाणूचा आजार, आपला आपण उतरतो. छाती भरली तर सुई देऊच. तोवर पेज पाजा."

सूर्यभानला ते कशाला पटतंय! आपल्या कोल्हार गावात तो स्वतःला सुधारलेला समजे. अंगारे-धुपाऱ्यांना हसे. कुणाला पडसं झालं की खिशातली पुडी सोडायची, जंतूंवरची गोळी मोडायची आणि सांगायचं, "बरं वाटलं की बंद कर. उरली तर शेजाऱ्याला दे." ही त्याची समाजसेवा! बाईंची पाठ वळताच त्याने गोरक्षला गुळातून अर्धी गोळी चारली. मग रोजच. भाऊ असावा तर असा, असं मनकर्णाला वाटलं.

पुरळ मावळलं, पण पोर धापा टाकू लागलं. गोवराने खंगलेल्या छातीत निमोनिया शिरला होता. बाईंनी लगेच सुया सुरू केल्या. ताप हटेना! आणि त्यातच गुळात गोळी दाबताना सूर्यभान त्यांच्या हाती सापडला.

"कुणाला विचारून देत होता?" बाई ओरडल्या. "विषाणूचं ही गोळी काडीचंही बिघडवत नाही. अर्ध्या गोळीने कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले, निर्ढावले! आता ते माझ्या सुईला जुमानतील? आणि खिशात ही एवढी पुडी! गावात किती जणांना वाटलीत?"

सूर्यभानने पुडी काढून त्यांच्या हाती ठेवली. नगरहून दुसरं औषध येईपर्यंत गोरक्ष गेला.

मनकर्णाने टाहो फोडला आणि भावाच्या गळ्यात पडली. "दादा, तू लई केलंस रं माज्या लेकरासाठी. आपलंच नशीब खोटं."

"नशीब न्हाई, मनकर्णे! म्या घात केला!" सूर्यभान स्वतःवरच चवताळला. "ऐका रं समदे! डाक्टरनं दिल्याबिगर गोळी खाऊ नका. दिली तर अर्ध्यात सोडू नका!"

मनकर्णाचे हात त्याच्या गळ्यातून सुटले.

वाचकहो, सूर्यभानचा राग आला ना? मग आधी आपलं फडताळ उघडा. उरलेल्या गोळ्या तिथे असतीलच. त्या मायेने कुणाला देऊ नका. मायेने दिलं म्हणून चुकीचं औषध बरोबर होत नाही!