आबांच्या पुलाचं सुटं टोक

तामलवाडीच्या ओढ्यावरचा लोखंडी पूल भर दुपारी वाजतो, असं आईनं फोनवर सांगितलं.

“लोक म्हणायलेत, आबाच फेऱ्या मारायलेत. मी असलं काय मानीत न्हाय. तू येऊन बघ.”

बघणं हे माझं कामच. अख्खा पूल संगणकात उभा करायचा, त्याचे बारीक तुकडे पाडून त्यांची जाळी विणायची, मग त्यावर माणसं चालवायची, वारा सोडायचा, ऊन तापवायचं. ताण कमी तिथं निळा रंग, जास्त तिथं लाल. माझे वडील, आबा, याला रंगपंचमी म्हणायचे. ते बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनिअर. हा पूल त्यांनी पेन्सिलीनं गणित करून गावाला काढून दिला होता: दोन लांब गर्डर, वर पत्रा, कडेला कठडा. पलीकडच्या वस्तीतली पोरं त्यावरूनच शाळेत येतात.

आबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. एप्रिलात रजा काढून मी पुण्याहून घरी आले, आबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि त्यांच्या नकाशावरून पूल विणला. ऊन घातलं, पोरांची गर्दी घातली. सगळा निळा.

“मग वाजतंय काय?” आईनं विचारलं.

“तुझा पूल खोटं बोलतोय.”

“पूल कशाला खोटं बोलंल? तुझं यंत्र बोलत असंल.”

तिच्या हातचा चहा पिऊन भर उन्हात ओढ्यावर गेले. शाळेच्या बाजूला दगडी बांधकामाला ताजी चीर गेली होती आणि गर्डर धरून ठेवणारे बोल्ट वाकले होते. मी वाकून बघत असतानाच ‘टण्’ झालं. प्रामाणिकपणे सांगते, क्षणभर मीसुद्धा मागं वळून पाहिलं.

मागं, पुलाच्या वस्तीकडच्या टोकाला, आबांचं स्मारक होतं. काँक्रीटचा नीटस चौथरा, त्यावर काळा ग्रॅनाइट, त्यावर नाव. डिसेंबरात आबांच्या पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, मी तिथं फुलं वाहिली होती. तेव्हा नजर नावाच्या खाली गेली नव्हती. आता गेली. गर्डरांची टोकं चौथऱ्याच्या पोटात गाडली गेली होती.

लोखंड उन्हात वाढतं. म्हणून आबांनी एक टोक बोल्टनं बांधलं होतं आणि दुसरं नुसतं ग्रीस लावलेल्या पोलादी पाटावर टेकवलं होतं, सरकायला मोकळं. जाळी किती का बारीक विणेनास, टेकू चुकला की सगळं चुकलं, असं ते मला सारखं ऐकवायचे. घरी येऊन मी संगणकातल्या पुलाचं ते टोक पक्कं केलं, बाकी काही बदललं नाही. पूल लालबुंद झाला.

चौथरा आण्णासाहेबकाकांनी बांधला होता. आबांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला.

“काका, हे लाल दिसतंय ना—”

“आबा म्हणायचा ते रंगपंचमी हेच व्हय?”

“हेच. तुम्ही चौथरा तिथंच का बांधला?”

“ते टोक हलायचं की गं! माणूस चाललं की कुरकुर. आबाच्या पुलाला हलतं टोक शोभतं व्हय? म्हटलं, एकदाचं घट्ट करून टाकू. चार मिस्त्री लावले.”

“ते हलायलाच पाहिजे, काका. असंच राहिलं तर शाळेकडचे बोल्ट तुटतील. जूनमध्ये शाळा उघडली की पोरं येतील त्यावरून.”

“म्हणजे फोडायचा?”

“हो.”

“आबाचं नाव? आन् तू सांगायलीस?”

मी लॅपटॉप मिटला. काका उपरणं झटकत आत गेले. काकूंनी पाणी दिलं, तेवढ्यात ते परत आले.

“उद्या सकाळी. ऊन व्हायच्या आत. आन् नावाचा दगड मी काढणार, मिस्त्र्याला हात लावू द्यायचा न्हाय.”

दगड त्यांनी छिन्नीनं हळूहळू सोडवला आणि स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून काठावर बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवला. मग मिस्त्र्यांनी चौथरा फोडला. टोकं मोकळी झाल्यावर पाट घासला, ग्रीस भरलं आणि गर्डर जिथं संपत होता तिथं मी पाटावर खडूची रेघ मारली. आम्ही बाभळीखाली बसलो. आईनं भाकरी आणि ठेचा आणला होता.

“काय व्हायलंय?” काका.

“थांबा.”

“लई वेळ थांबलो की.”

“आबांनी पण थांबायला लावलं असतं.”

“त्यानं तर जेवू पण दिलं नसतं.”

ऊन डोक्यावर आलं. पूल वाजला नाही. काका गुडघ्यावर हात टेकत उठले, ओणवे झाले. रेघ गर्डरखाली गेली होती.

“सरकला!” ते आईकडं वळून ओरडले. “चांगुणाबाई, सरकला की! आबा सरकला!”

आई दगड मांडीवर धरून हसली. “तिकडं बसवा हे,” ती शाळेच्या टोकाकडं हात करत म्हणाली, “पक्क्या बाजूला. पण बोल्टांना शिवू नका म्हणावं.”

काकांनी ग्रीसचा डबा माझ्या हातात दिला. “दरसाल उन्हाळ्याच्या आधी लावायचं. तू यायचं.”

मी झाकण घट्ट लावलं. ग्रीस बोटांना लागलं होतं, ते घरी जाईपर्यंत पुसलं नाही.