बंकट मिस्तरीचा कान

“आवाज येतोय की, मामा. आता बी येतोय,” बॉनेटच्या कडेवर हात टेकून पंचशीला म्हणाली.

बंकट मिस्तरीने उजवा हात वर केला.

चौसाळ्याच्या हायवेलगत त्या ओळीत सात-आठ दुकानं. हा हात वर झाला की काय करायचं, हे तिथे कुणाला सांगावं लागत नसे. शेजारच्या वेल्डिंगवाल्या हनुमानने ग्राइंडर बंद केला. पलीकडे चहाच्या गाड्यावर उत्तरेश्वरने स्टोव्हची हवा कमी केली. बाकड्यावर बसून सरकार पाडायला निघालेल्या दोघांनी तेवढ्यापुरतं सरकार राहू दिलं. वीस-बावीस वर्षांचा रिवाज होता हा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, कुणी वारलं की काय.

बंकटने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डायनामोच्या अंगाला लावलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. इंजिनची घरघर आली. बेअरिंग नीट फिरतंय तेही कळलं. पंख्याचा वारा आला. बास, एवढंच. पंचशीला सांगत होती ते चूं चूं काही केल्या आलं नाही.

ही तिसरी खेप होती. पंचशीला आरोग्य केंद्रातली सिस्टर. पुण्याच्या भावाने, नवनाथने, तिच्या जुन्या गाडीसाठी तीन ॲल्युमिनियमच्या पुल्या धाडल्या होत्या. बाहेरच्या बनावटीच्या, निळ्या, चकचकीत. हलक्या पुल्या बसवल्या की गाडीही हलकी पळते, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. बंकटला असल्या नटव्या सामानाचा मनापासून राग. पण भावाने बहिणीला हौसेने पाठवलेली वस्तू, तिच्यात मोडता कोण घालणार? त्याने तिन्ही बसवल्या. त्याच दिवसापासून बेल्ट चूं चूं करतोय, असं सिस्टरचं म्हणणं.

पहिल्या खेपेला तो म्हणाला होता, “नव्या हायत, चार दिवस घासल्या की बसतील.” ते त्याला खरंच वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला मात्र म्हणाला, “काई आवाज न्हाई, सिस्टर. मनाचे खेळ हायत तुमच्या.” हे म्हणताना त्याची नजर तिच्याकडे नव्हती. कारण घरी अंजना, त्याची बायको, महिनाभर कुरकुरत होती, की मोबाइल वाजून वाजून बंद पडतो, तुमचं ध्यान असतं कुठं? ध्यान जागेवरच होतं, कान नव्हता. पण ते मान्य करायचं म्हणजे काय, हे बंकटला ठाऊक होतं. कड्याहून, धारूरहून लोक गाड्या घेऊन यायचे ते त्याच्या हातासाठी नाही. पान्हे चालवणारे हात सगळीकडे मिळतात. लोक यायचे त्या कानासाठी. तोच गेला, तर मग उरला काय, दुकानापुढच्या टेंभुर्णीच्या झाडाखाली बसलेला एक म्हातारा?

“मी मोबाइलमध्ये धरलाय बघा,” पंचशीला म्हणाली. “काल घरी गेल्यावर. भिंतीजवळ लई मोठा येतो.”

तिने फोन त्याच्या हातात दिला. बंकटने तो कानाशी नेला. इंजिन ऐकू आलं. मागून एक ट्रक गेला तोही आला. शेवटी पंचशीलेचाच आवाज आला, “आई, दार लोट गं.” मधे दुसरं काही नव्हतं.

“आयकलं?”

बंकटने फोन परत दिला. “हं,” म्हणाला.

“बरं मंग, मामा.” ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. “सोमवारी आईला धारूरला न्यायचंय, मावशीकडं. घाट हाय, म्हणून जिवाला घोर. पण तुमी न्हाई म्हणलात तर न्हाई. जाते मी.”

रागाने म्हणाली असती तर बंकटला बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली. दवाखान्यात औषध मुकाट्याने घ्यावं तसा तिने त्याचा शब्द घेतला होता. भिमाबाई, तिची आई, तिला तो ओळखत होता. गुडघे धरलेली, बारीक अंगाची म्हातारी. तिला सोमवारी पुढच्या सीटवर बसवून ही पोर धारूरचा घाट चढणार, ती याच्या शब्दावर.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “गाडी बंद करा.”

त्याने टॉर्च लावून इंजिनच्या खोबणीत पाहिलं. इतके दिवस त्याने ऐकायचाच हट्ट धरला होता, पाहिलंच नव्हतं. बेल्टच्या खालच्या पत्र्यावर काळी भुकटी साचली होती. बोट फिरवलं तर रबर. बेल्टची एक कड कुरतडली होती आणि तिचा दोरा सुटून बाहेर आला होता. या एकाच बेल्टवर डायनामो, पाण्याचा पंप आणि स्टेअरिंगचा पंप फिरतात. तो घाटातल्या वळणावर तुटला असता, तर स्टेअरिंग जड पडून या बाईच्या हाताने वळलं नसतं.

म्हणजे आवाज होता. पहिल्या दिवसापासून होता. सगळ्या ओळीला येत असणार.

बोटावरची भुकटी बंकटने पँटला पुसली. मग पाण्याची बाटली घेतली आणि पंचशीलेजवळ येऊन हळू म्हणाला, “सिस्टर, एक काम करा. मी बेल्टवर पाणी टाकतो. आवाज वाढला का बंद झाला, तेवढं मला सांगा.”

“म्हंजे?” तिने विचारलं.

“मला न्हाई आयकू येत तो,” बंकट म्हणाला. “मागच्या बारीला बी न्हाई आला. मी तुमाला खोटं बोललो.”

पंचशीला सिस्टर होती, माणसाचं तोंड बघून पुष्कळ कळायचं तिला. तिने नुसती मान हलवली आणि गाडी चालू केली. बंकटचा हात सवयीने वर गेला. ओळ पुन्हा गप्प झाली. या खेपेला मान वाकवून ऐकत होती ती पंचशीला, आणि मिस्तरी तिच्या तोंडाकडे बघत होता.

बेल्टवर पाण्याची धार पडली.

“बंद झाला,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पुन्हा आला.”

“वाढला न्हाई ना?”

“न्हाई. व्हता तसाच.”

“मंग ढिला न्हाई. तिरका पळतोय.”

बेल्ट ढिला असला तर पाण्याने आवाज चढतो. तिरका पळत असला तर घटकाभर गप्प बसतो आणि वाळला की पुन्हा सुरू होतो. हे बंकटला बीडच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि वर सांगितलंही होतं, की कान चांगला असला तर पाणी लागत नाही. म्हणून त्याने आजवर पाणी वापरलंच नव्हतं.

हनुमानकडून लोखंडी पट्टी आणून त्याने ती पुल्यांच्या तोंडाला आडवी लावली. दोन पुल्यांना पट्टी चिकटली. मधली, बेल्टला नुसतं वळण देणारी, ती वॉशरच्या जाडीएवढी पुढे आली होती. बंकटने ती खोलली. मागे वॉशर होताच, त्यानेच घातलेला. जुन्या पुलीला वॉशर लागायचा, या नव्या पुलीची पाठ मुळातच जाड होती. वर्षानुवर्षं वॉशर काढून बाजूला ठेवायचा आणि पुन्हा घालायचा, तसंच हाताने या वेळीही केलं होतं. पूर्वी असली चूक झाली असती, तर पहिल्या चावीला कानाने पकडली असती.

“भावाला सांगा, पुल्या चांगल्या हायत,” तो वॉशर तिच्यापुढे धरून म्हणाला. “चूक माझी हाय.”

तिने उत्तरेश्वरच्या गाड्यावरून दोन चहा आणले आणि एक त्याच्याजवळ ठेवला. तोवर बंकटने वॉशरशिवाय पुली बसवून फळीवरचा नवा बेल्ट चढवला. गाडी चालू झाली. पंचशीला पुढून ऐकून आली, चाकाजवळ वाकून ऐकून आली.

“गेला, मामा.”

“नक्की?”

“नक्की गेला.”

गिऱ्हाइकाला ‘नक्की’ विचारायची वेळ बंकटवर जन्मात आली नव्हती. त्याने बॉनेट लावलं. जाताना ती म्हणाली, “बुधवारी बीडला कानाचे डॉक्टर असतात, मामा. मी संग येते.” तो ‘बघू’ म्हणाला. ‘बघू’ म्हणजे काय हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तिने बुधवारी नऊला येते म्हणूनच सांगितलं.

गाडी हायवेला लागल्यावर तो पट्टी द्यायला हनुमानकडे गेला.

“हनुमान, आता मी हात वर केला तरी ग्राइंडर बंद करू नको.”

“कावून?”

“बारीक आवाज येत न्हाई मला. उगं तुझा खोळंबा.”

हनुमानने काळा चष्मा कपाळावर सरकवला. “म्हाईत हाय.”

“कवापासून?”

“पाडव्यापासून. एका टेम्पोला तुमी हात वर केलता, माझं ध्यान न्हवतं. ग्राइंडर चालूच राहिला. तुमी तसंच आयकलं, मान हलवली अन् म्हणलात, झाली गाडी.”

बंकट पट्टीवरची धूळ पुसत उभा राहिला. “ह्या उत्तरेश्वरला बी?”

“त्याला मीच सांगितलं.”

“मंग इतके दिवस बंद कावून करत व्हतात रे?”

हनुमानला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. तो म्हणाला, “तुमी हात वर करत व्हतात म्हणून.”

बंकटने पट्टी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि आपल्या दुकानात जाऊन उगाच पान्हे लावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केजहून एक पिकअपवाला आला. इंजिनातून कसलासा आवाज येतोय म्हणाला. बंकटने बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर खिशातच राहू दिला, हातही खालीच होता. “कसा येतो, कवा येतो, सगळं तुमीच सांगा,” तो ड्रायव्हरला म्हणाला आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघता यावं म्हणून जरा पुढे सरकला.

सरकताना त्याचं लक्ष शेजारी गेलं. हनुमानच्या दुकानापुढे उडणाऱ्या ठिणग्या थांबल्या होत्या. तो ग्राइंडर मांडीवर घेऊन बसला होता. पलीकडे उत्तरेश्वर स्टोव्हवर वाकला होता, आणि ज्योत खाली गेली होती.

बंकटने मान वळवली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “हां, सांगा.”