पोटाला आधार

झेबाने पट्टीचा शेवटचा वेढा सोडवला. शकूच्या पायाचा अंगठा मागच्या खेपेपेक्षा काळा पडला होता. कळंबोलीच्या पुलावरून ट्रेलर धडधडत जात होते. पुलाखाली शकू मात्र खांबाला टेकून, पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तशी, रस्त्याकडे बघत बसली होती.

गोळ्या दाखव म्हटल्यावर तिने उशाची पिशवी निमूटपणे पुढे सरकवली. साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ तशाच्या तशा होत्या, मधूनच एखादी फोडलेली. झेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीबरोबर ती इतके महिने इथे येत होती. साखर म्हणजे काय, जखम का भरत नाही, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती. आज तर गाडीतल्या डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. आणि ही बाई गोळ्या उशाशी घेऊन झोपते!

"शकूताई, पाय नकोय का तुला?"

"पाय नको कोनाला? तू सांगतलंस तशीच घेतय. जेवल्याव."

झेबाला ही सरळ सरळ थाप वाटली. पलीकडचा चहावाला शकूला रोज सकाळी चहा-बटर देई, दुपारी कुणी ना कुणी ड्रायव्हर वडापाव हातावर ठेवी. अगदीच उपाशी काही ती राहत नव्हती. शकू उरणकडची, मिठागरात राबलेल्या घरातली. गावची जमीन प्रकल्पात गेली, मोबदल्याच्या पैशांत भावांनी तीन मजली बंगला उठवला. त्यात गाड्यांना जागा झाली, बहिणीला झाली नाही. तरी बाईचा ताठा काही उतरला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनाशी म्हणत झेबा जखम धुऊ लागली.

तेवढ्यात फोन वाजला. हातांत मोजे होते, म्हणून तिने करंगळीने कसाबसा स्पीकर लावला. पनवेलहून अम्मी बोलत होती.

"जेवलीस काय गो?"

"नाही अम्मी. वडापाव खाल्लाय फक्त. घरी येऊन जेवते."

भात आणि सुकटीचं कालवण झाकून ठेवलंय, लवकर ये, असं सांगून अम्मीने फोन ठेवला. झेबाने पुन्हा कापूस हातात घेतला, तर शकू गालातल्या गालात हसत होती.

"मंग तुजी पन गोली ऱ्हायली की."

"माझी कसली गोळी?" झेबाने मान वर केली.

"भाताबिगर जेवान व्हतं काय? आमच्यात नाय. तुमच्यात पन नाय."

मग शकूने सगळं सांगितलं. गुरुवारी भंडाऱ्याचा भात मिळतो, एरवी खांदा कॉलनीच्या हॉलवरून लग्नातला उरलेला भात कधीमधी येतो. तो खाल्ला की गोळी, न चुकता. झेबाने पट्ट्या पुन्हा उचलून पाहिल्या. फोडलेल्या गोळ्या भाताच्या दिवसांइतक्याच भरत होत्या. जिला ती आळशी आणि खोटारडी ठरवून मोकळी झाली होती, तिने झेबाचा 'जेवल्यावर' हा शब्द अक्षरशः पाळला होता. झेबाला स्वतःचीच लाज वाटली.

ती घाईघाईने म्हणाली, "अगं, काहीही खाल्लं तरी चालतं. वडापाव खाल्लास, की झालं जेवण."

शकूचं हसू मावळलं.

"आता ह्यालाच जेवान म्हनायचा?"

आणि तिने तोंड फिरवलं. झेबा नवी पट्टी गुंडाळू लागली. भात नाही म्हणून जेवण नाही, एवढंच काय ते शकूने घरून आणलेलं टिकवलं होतं, आणि तेही आपण एका वाक्यात काढून घेतलं, असं तिला वाटत राहिलं. शाळेत असताना परीक्षेच्या दिवशी अम्मी चहात बुडवलेला बटर तिच्या तोंडात कोंबायची, तेव्हा काय म्हणायची, ते तिला आठवलं.

"जेवण नको म्हणूस त्याला," पट्टीची गाठ मारत ती हळूच म्हणाली. "पोटाला आधार झाला, की गोळी घ्यायची."

"आधार नाय माज्याकडं. भावाकडं ऱ्हायला."

झेबा आधी बावरली, मग तिला हसू आवरेना.

"कार्ड नाही गं, शकूताई! चहा-बटरचा आधार."

शकूही हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने कागदात गुंडाळलेला अर्धा वडापाव काढला, सावकाश खाल्ला, आणि कुणी न सांगता एक गोळी फोडून पाण्याबरोबर घेतली.

पुढच्या खेपेला झेबाने पट्टी सोडवली, तेव्हा अंगठा काळाच होता, पण कडेने थोडं लाल मांस दिसत होतं. ती वाकून पुन्हा पुन्हा बघत होती.

"जेवलीस काय गो?" शकूने वरून विचारलं.

"नाही अजून."

"मी पन नाय," शकू म्हणाली, आणि गोळ्यांची रिकामी पट्टी तिने झेबाच्या हातावर ठेवली.