ठाण्याच्या आवारातली दवाखान्याची गाडी

मी बोलतेय. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त ट्रॅक्टरच्या शेजारी उभी असलेली पांढरी गाडी. समोरची काच नाही, एक दार वाकलंय. सांगायचं ते मला नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. रस्ते मला कळतात. माणसं कळतात, असं म्हणायची हिंमत होत नाही.

आधी मी अकोल्यात जठारपेठेतली शाळेची मुलं पोहोचवायचे. मग एका संस्थेनं मला घेतलं, बाकं काढून पलंग आणि औषधांचं कपाट बसवलं. मी फिरता दवाखाना झाले. रागिणी सिस्टर आणि ड्रायव्हर धर्मपाल ही माझी माणसं. दर मंगळवारी आम्ही बार्शीटाकळीकडच्या एका गावी जायचो.

गावाची रीत ठरलेली होती. आधी देवळापाशी गावकऱ्यांची तपासणी; मग उरलेल्या वेळात, उरलेल्या गोळ्या घेऊन, शिवेबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवर, बेड्यावर. ती रीत रागिणीनं मोडली. बेड्यावरच्या देवमनला क्षय होता. गोळ्यांत खंड पडला तर तो जगणार नव्हता. म्हणून मी आधी बेड्यावर थांबू लागले. गावकऱ्यांनीही तिथंच यावं, असं ठरलं. बहुतेकजण आले नाहीत. पार्बताबाई मात्र काठी टेकत यायच्या.

"घरी सांगून आल्या का, आजी?" रागिणी विचारायची.

"माहा खुशाल म्हणते, पारध्याच्या हाताचा बीपीचा पट्टा तुह्या हाताले लावते ते बाई. म्या म्हटलं, लेका, तुह्या हाताले त दारूचा गिलास लागते, त्याचं काय?"

एका मंगळवारी त्यांच्या या मुलाच्या, खुशालरावांच्या, विहिरीवरची मोटर दिसेनाशी झाली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. भर दुपारी माणसं काठ्या आणि लोखंडी सबली घेऊन सरळ बेड्यावर आली, जिथं मी उभी होते. येणाऱ्या जमावाचा आवाज बेड्याला ओळखीचा होता. सगळे पोरं काखोटीला मारून पळसाच्या रानात पळाले. देवमनला पळता आलं नाही. छातीच साथ देईना. तो खोकत गुडघ्यावर बसला आणि सापडला.

पहिला घाव नडगीवर. कपाशीची वाळलेली पराटी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा तोंडावर. "भाऊ, म्या नाई नेली," एवढंच तो म्हणाला. मग तोंडातून रक्तच आलं. कुणीतरी झोपड्या पेटवल्या. धर्मपाल आणि रागिणीनं देवमनला ओढत माझ्यात घातलं. आत पार्बताबाई होत्याच, दंडाला पट्टा बांधलेल्या.

"उतरव त्याले!" खुशालरावांनी सबल माझ्या काचेत घातली. तुकडे रागिणीच्या कपाळात घुसले. मग त्यांनी दार उपसून काढावं तसं ओढलं, आणि आई दिसली.

"माय, तू इथं काहून? उतर खाली!"

"बीपी मोजून राह्यली ते. थांब."

"उतर म्हणतो न!"

"तुह्यापायीच वाढलं ते. आता मलेच हाण एक, म्हणजे उतरीन." त्यांनी देवमनचं फुटलेलं डोकं मांडीवर घेतलं. "धर्मपाल, चालव रे बापा."

सबल वर उचललेलीच राहिली. ती लाज होती की भीती, मला सांगता येणार नाही. आम्ही निघालो. शीव ओलांडेपर्यंत पाठीवर दगड पडत होते.

मोटर त्याच संध्याकाळी सापडली, बार्शीटाकळीच्या वाइंडिंगच्या दुकानात. खुशालरावांचा धाकटा भाऊ योगेश ती बिघडली म्हणून भरायला टाकून तिकडूनच सासुरवाडीला गेला होता. घरी सांगायचं त्याला सुचलं नव्हतं.

देवमन वाचला. एक डोळा गेला. पाय प्लास्टरमधून सुटला तेव्हा बेड्यावर राख होती आणि माणसं पांगलेली. दर्यापूरकडे गेली असतील, असं कुणीतरी म्हणालं, आणि तो आपल्या माणसांना शोधत निघून गेला. गोळ्या अजून दोन महिने घ्यायच्या होत्या.

मारहाणीच्या केसमधला पुरावा म्हणून मी इथं अडकले. रागिणी मला सोडवायला येते. साहेब नाहीत, असं उत्तर मिळतं. मग ती धर्मपालच्या मोटरसायकलवर मागं बसते आणि पिशवीत गोळ्या घेऊन गावोगाव विचारत फिरते.

माझी काच बसली नाही तरी चालेल. एवढंच करा. दर्यापूरच्या वाटेवर एका डोळ्याचा, लंगडत चालणारा, खोकणारा माणूस दिसला, तर त्याला हाकलू नका. सावलीत बसवा. पाणी द्या. आणि म्हणावं, थांब, सिस्टर येतेय.