घर गेलं, पेटी राहिली

मी एक जुनी पत्रपेटी आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात, रस्त्याच्या कडेला एका खांबावर उभी आहे. माझ्या बाजूला लाल पत्र्याचं निशाण आहे. ते वर केलं की टपालवाला आतलं पत्र घेऊन जातो.

मित्रांनो, माझ्या मागेच लुरीनचं चाकांवरचं घर होतं. लुरीन शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते. तिला मधुमेह आहे. कमी कमाईच्या लोकांसाठी राज्याचा आरोग्य विमा असतो, त्यातून तिला इन्सुलिन मिळे. पण दरवर्षी एक फॉर्म येतो. कमाई किती, घरात माणसं किती, हे लिहून तो परत पाठवावा लागतो. नाही पाठवला तर माणूस पात्र असूनही विमा बंद होतो. अकरा वर्षं तो फॉर्म माझ्याच हातून आला-गेला. मला त्याचा थोडा तोराही होता.

गेल्या वसंतात ट्रक आला आणि लुरीनचं घर ओढून पलीकडच्या खोऱ्यात, तिच्या बहिणीच्या जागेवर घेऊन गेला. मी इथेच राहिले. गांधीलमाश्यांनी माझ्या आत पोळं केलं. त्याच्याखाली एक दिवस फॉर्म येऊन पडला आणि पडूनच राहिला.

ऑगस्टमध्ये लुरीन धापा टाकत आली. टपालवाला ओडेल नेमका इथेच होता.

"औषधाच्या दुकानात म्हणतात, विमा बंद झालाय! यंदा फॉर्मच आला नाही मला. तीन दिवसांचं इन्सुलिन उरलंय रे माझं."

"पत्ता बदलल्याचं कळवलंस का?"

"कशाला कळवू? घर तर तेच आहे!"

"अगं शहाणे, चाकं घराला असतात, पत्त्याला नसतात. मला आपलं वाटलं, तू येऊन पत्रं नेतेस."

लुरीनने आत हात घातला. दोन माश्या डसल्या, पण फॉर्म सापडला. सोबतचा कागद ओडेलने वाचला. विमा बंद झाल्यापासून नव्वद दिवसांत हा फॉर्म पोचला, तर नवा अर्ज लागत नव्हता.

"अजून मुदत आहे. भर लवकर, मी आजच विम्याच्या कचेरीत देतो."

माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने तो भरला, नवा पत्ता लिहिला. ओडेल समोर उभा असूनही तिने फॉर्म माझ्यात ठेवला आणि गंजलेलं निशाण वर केलं. अकरा वर्षांची सवय! तिसऱ्या दिवशी तिला इन्सुलिन मिळालं, असं ओडेल जाता जाता कुणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, घर हलवाल तेव्हा पत्ता कळवायला विसरू नका. आता माझ्यात काही येत नाही. रिकामं उभं राहायला वाईट वाटतं. पण लुरीनचं पत्र पुन्हा माझ्यात पडलं, तर त्याहून जास्त वाईट वाटेल.