दादाचा पिकअप

रविवारी सकाळी केमिस्टच्या दुकानामागच्या खोलीत चार-पाचजण जमायचे. औषधांची खोकी भिंतीकडे सरकवून जागा केलेली, कोपऱ्यात दोन अँप्लिफायर, आणि फरशीवर वायरींचा असा गुंता की पाय कुठे टाकावा कळू नये. सगळे बेस, म्हणजे खर्जाची गिटार वाजवणारे. वाजवणं कमी, वाजवण्याविषयी बोलणं जास्त. कुणी आवाज बदलणारं नवीन पेडल आणलेलं असायचं, तो ते पायाने दाबून दाखवायचा, आणि बाकीचे डोळे मिटून माना डोलवायचे.

लिफ्टवाला त्यांच्यातला सगळ्यात चांगला वाजवणारा. तो एका कंपनीत लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा, म्हणून हे नाव. हातात भारी गिटार नव्हती, पण त्याच्या गिटारीत थोरल्या भावाचा पिकअप होता. पिकअप म्हणजे तारांखालची ती पट्टी: आत चुंबक, चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली. तारेची थरथर ती पकडते आणि पुढे अँपकडे पाठवते. दादाने ही तार घरच्या शिवणयंत्रावर गुंडाळली होती. पायाने चाक फिरवत, बोटांच्या चिमटीतून तार सोडत. वेढे कुठे घट्ट, कुठे सैल. दादा गेला, त्याची गिटारही पडून फुटली. उरला हा पिकअप, तो धाकट्याने आपल्या गिटारीत बसवून घेतला.

"याचा खर्ज ऐका," केमिस्ट नव्या माणसाला सांगायचा. "बाजारात मिळणार नाही. पोटात लागतो."

मग केव्हातरी लिफ्टवाल्याला वाटायला लागलं, की पोटात लागत नाहीये.

"पातळ वाटतोय रे," तो म्हणाला. "खालचं काही येतच नाही."

झालं. असा प्रश्न म्हणजे त्या खोलीत मेजवानीच. सर म्हणाले, तारा बदल. सर एका शाळेत संगीत शिकवायचे आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ जुन्या तारांत होतं. तारा बदलल्या. मग कुणी म्हणालं, व्हॉल्यूमचं बटण गेलंय. तेही बदललं. मग एक पेडल आलं, मग दुसरं. दर वेळी आठवडाभर त्याला बरं वाटायचं, म्हणजे बरं वाटतंय असं तो ठरवायचा, आणि पुन्हा तेच. इतरांच्या गिटारीही त्याला जरा कोरड्याच वाटायच्या. पण बाकीचे डोळे मिटून "अहाहा" म्हणत असताना आपणच कसं विचारायचं? तोही "अहाहा" म्हणायचा.

शेवटी केमिस्टने त्याच्या गिटारीवर कान ठेवल्यासारखं केलं आणि गंभीर चेहऱ्याने निदान सांगितलं.

"चुंबक मेलाय. वय झालं त्याचं."

"चुंबक मरतो?"

"मरतो तर! माझ्याकडे एक नवाकोरा पिकअप आहे, तो घे. हा माझ्याकडे राहू दे. दादाची आठवण आहे, नीट जपून ठेवतो."

लिफ्टवाल्याने दादाचा पिकअप स्वतःच्या हाताने सोडवून दिला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दादांचा दिलात?"

"मेला होता तो," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता हातपाय धुवायला गेला.

नवा पिकअपही पातळच निघाला.

त्यानंतर कामावर एक प्रकार घडला. एका ऑफिसच्या इमारतीतून तक्रार आली, लिफ्टची मोटर घरघरते. हा वर मशीनच्या खोलीत गेला, मोटर चालू करून उभा राहिला. पट्ट्याची चर्रचर्र त्याला ऐकू आली, तो ताणून नीट बसवला. घरघर काही ऐकू आली नाही. "लोकांना भास होतात," असं वॉचमनला सांगून त्याने सही केली. दुसऱ्याच दिवशी बेअरिंग जाम झालं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक गरोदर बाई होती. तिला काढेपर्यंत ती घामाने भिजली होती आणि थरथरत होती. बाकी काही झालं नाही, नशीब.

सुपरवायझरने त्याला तशाच दुसऱ्या एका आजारी मोटरपाशी नेऊन उभं केलं.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही. चांगली चाललीय."

सुपरवायझर रागावला नाही. त्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं रागापेक्षा वाईट होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले. आवाज आला की बटण दाबा, म्हणाले. बारीक, टोकदार आवाज त्याने सगळे पकडले. मग बराच वेळ शांतता होती. तो वाट बघत बसला. काचेपलीकडची मुलगी मात्र सारखी काहीतरी फिरवत होती, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही शांतता नाही.

"बोलणं नीट कळतं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही," डॉक्टर म्हणाले. "खालचे आवाज गेलेत. सुरुवातीलाच आला असतात तर औषधांनी बरंच वाचलं असतं. आता आहे ते टिकवायचं बघू. घरी, मित्रांत कुणाच्याच ध्यानात आलं नाही?"

पुढच्या रविवारी तो केमिस्टकडे गेला. गिटार नेली नव्हती. केमिस्ट एका पेडलचं झाकण उघडून बसला होता, सर शेजारी.

"माझे कान गेलेत," लिफ्टवाला म्हणाला. "खालचं ऐकूच येत नाही. गिटारीला काही झालं नव्हतं."

त्याला वाटलं होतं, दोघं दचकतील. केमिस्टने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि हळूच विचारलं, "केव्हा कळलं तुला?"

तुला. लिफ्टवाला त्या शब्दाशी क्षणभर अडखळला.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून?"

"अरे, तसं नाही..." सर केमिस्टकडे बघायला लागले. "एकदा याने गंमत केली. अँपवरचं बेसचं बटण पार बंद करून ठेवलं आणि तुला वाजवायला सांगितलं. तू म्हणालास, आता कसा भरला. तेव्हा शंका आली."

"शंका आली, तरी तुम्ही मला तारांचंच सांगत राहिलात, सर?"

केमिस्ट म्हणाला, "तुझ्या हौसेवर पाणी कशाला ओतायचं? आणि असं तोंडावर कसं सांगणार?"

"तू औषधं विकतोस. समोर खोकला आला तर न विचारता चार सिरपं दाखवतोस."

"आवाज खाली कर, पुढे गिऱ्हाईकं आहेत."

"दादाचा पिकअप दे. चुंबक जिवंत आहे ना त्याचा?"

केमिस्टने पेडल पुन्हा हातात घेतलं. त्याच्याकडे न बघता तो म्हणाला, "आता तुला त्याचा काय उपयोग?"

लिफ्टवाला घरी आला. बायकोने दोन-तीनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. तिने कुकर बंद केला, चपला घातल्या आणि गेली. हा मागोमाग निघाला, पण तिला गाठेपर्यंत ती दुकानाच्या काउंटरपाशी पोचली होती. पुढे तीन-चार माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी.

"भाऊजी, दादांची वस्तू द्या."

"वहिनी, नंतर बोलू ना..."

"नंतर नको. माझ्या दिरांची वस्तू आहे, मी इथेच उभी आहे. तुम्ही यांना खोटं सांगून घेतलीत, तेही मी इथेच सांगू का?"

केमिस्ट आत गेला. बराच वेळ लागला. आला तेव्हा हातात गोळ्यांची एक प्लास्टिकची डबी होती. लिफ्टवाल्याने ती उघडली. आत उघडा चुंबक, काळी पट्टी, आणि तांब्याच्या तारेचा एक गोळा, विंचरल्यावर कंगव्यात निघतात तशा केसांसारखा.

"हे काय?"

"उलगडून बघितला," केमिस्ट म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज पडला होता. "किती वेढे आहेत, कसे घातलेत ते बघायचं होतं. तसाच दुसरा बनवणार होतो. दोनदा केला. नाही जमला. तार सारखी तुटत गेली रे. मी परत गुंडाळणार होतो."

"कधी उलगडलास?"

"तू दिलास त्याच आठवड्यात."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अहो, माझं बीपीचं औषध तेवढं द्या."

बायकोला वाटलं, हा आता हात उचलणार. त्याने डबीचं झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा लावलं. "चल," तो तिला म्हणाला. वाटेत तिने त्याचा दंड धरला. एकदाच म्हणाली, "मला तरी कळायला हवं होतं. टीव्ही किती मोठा लावायला लागला होतात." त्यावर तो काही बोलला नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. गेलं होतं.

कंपनीने त्याला कामावरून काढलं नाही, सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. बेअरिंगं, पट्टे, बटणं मोजून द्यायची. गिटार त्याने विकली नाही, वाजवलीही नाही. कानाच्या गोळ्या तो दोन चौक पलीकडच्या दुकानातून आणायचा.

मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमधून मात्र तो बाहेर पडला नव्हता. तिथे रोज पेडलांचे फोटो यायचे, तो बघायचा आणि पुढे सरकवायचा. एका संध्याकाळी कुणी नवीन माणसाने लिहिलं, माझ्या गिटारीचा आवाज अलीकडे पातळ वाटतो, खालचं येतच नाही, पिकअप बदलू का? धडाधड उत्तरं आली. सरांनी लिहिलं, आधी तारा. केमिस्टने लिहिलं, चुंबक गेला असेल, रविवारी घेऊन या, बघतो.

लिफ्टवाल्याने जेवणाचं ताट बाजूला सारून टाइप केलं: आधी कान तपासून घ्या.

त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. लोकांना तो विनोद वाटला. त्याने पुन्हा लिहायला घेतलं, विनोद नाही, माझं असंच झालं, डॉक्टरांकडे लगेच जा. पाठवायला गेला तर जाईना. केमिस्टने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

त्या ग्रुपवर नंबर दिसायचे नाहीत, नुसती टोपणनावं; त्याने त्या माणसाचा नंबर शोधायचा प्रयत्न केला, ओळखीच्या दोघांना विचारून पाहिलं. एकाने उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, "जाऊ दे ना आता, कशाला कटुता वाढवतोस."

तो माणूस कोण होता आणि रविवारी तो गिटार घेऊन कुठे गेला, हे लिफ्टवाल्याला कधीच कळलं नाही.